तिसरा प्लग

भंडारवाड्याचा चढ लागला की
गाडी एक आवंढा गिळायची.
फार नाही. पाहुण्यांनी नाव विचारल्यावर
लहान मूल आईकडे बघतं, तेवढाच वेळ.
मग जायची.

एकोणनव्वदची एनई. रंग कागदोपत्री क्रीम.
मेव्हणा म्हणाला, पेट्रोलात भेसळ.
पंपावरचा पोरगा म्हणाला, कार्ब्युरेटर.
सोसायटीचे लोटलीकर, ज्यांनी आयुष्यात गाडी घेतली नाही,
म्हणाले, काका, वय.
कुणाचं, ते सांगितलं नाही.

फिल्टर बदलला, पंप बदलला, कार्ब्युरेटर दोनदा धुतला.
भंगारवाला टायरला लाथ मारून अठरा हजार म्हणून गेला.

गनपावडर रोडला इब्राहिम परकारांचं गॅरेज.
मूळ खेडचे, बोलण्यात अजून खाडीचं पाणी.
बॉनेटला हात लावण्याआधी विचारलं,
"उभी असताना अडते?"
नाही.
"सपाटीला?"
क्वचित.
"चार माणसं बसली की?"
हो.
"म्हंजे भार पडला की."
आणि लांब पेचकस पुढे केला: "कानाला लावा."

तेव्हा सांगावंच लागलं.
एकतीस वर्षं महापालिकेच्या पाणीखात्यात
हेच केलं मी. गळती शोधणं.
रात्री दोन ते पाच, रस्ता निजला की
सळईचं एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानामागच्या हाडाला,
डांबराखाली पाणी कुठे सुस्कारतंय ते ऐकायचं.
नागपाड्यात सुईएवढं भोक ऐकलंय मी,
वरून ट्रक जात असताना.

"मग ही कशी नाही ऐकलीत?" परकार म्हणाले.

"एक-तीन-चार-दोन. या क्रमानं पेटतात."
पाढा विसरलेल्या पोरासारखा क्रम, पण तिला तोच पाठ.
मला ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायला लावून
ते एकेक वायर उपटत गेले.
पहिली काढली, लंगडली.
दुसरी काढली, लंगडली.
चौथी, लंगडली.
तिसरी काढली.
काहीच झालं नाही.

"हा," परकार म्हणाले, "मस्टरवर सही करतो फक्त."

मला उगाच घाम आला.

आमचाही चौघांचा गट होता.
टेमकर, हडकर, शेख आणि मी.
कान गेल्यावरची शेवटची तीन वर्षं
मी सळई लावायचो, डोळे मिटायचो
आणि टेमकर मान हलवेल तशी हलवायचो.
हडकरला माहीत होतं.
माझ्या वाटच्या व्हॉल्व्हपाशी तो मागे राहायचा,
बुटाची नाडी बांधायला वाकायचा
आणि पुन्हा ऐकून यायचा.
त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

प्लग बाहेर आला. काजळलेला,
टोक झिजून साबणाच्या शेवटच्या तुकड्यासारखं गोल.
परकारांनी फटीत पातळ पातं सरकवलं. मग दुसरं. मग जाडं.
"ठिणगी फुकट पडत नाही, साहेब.
दर वेळी चिमटीत मावणार नाही इतकं लोखंड खाते.
फट वाढते. उभी असताना ती उडी मारते कशीबशी.
चढाला आत दाब येतो,
तेव्हा तेवढीच फट खाडीएवढी होते."

घासून चालेल? मी विचारलं.
"चालेल. दोन महिने."
एकच बदलला तर?
"बाकीचे तिघे त्याच दिवशीचे आहेत.
याचं ओझं ओढून ओढून तेही थकले असतील."

चारही बदलले.

भंडारवाड्यावर एकदाही आवंढा नाही.
वर, टाकीपाशी, इंजिन बंद केलं.
जुना प्लग खिशातून मांडीला टोचत होता.
पायाखाली अख्ख्या विभागाचं पाणी,
आणि काही ऐकू येत नव्हतं.

आमच्या वहीत याला एकच शब्द होता: निरंक.
पण तो लिहिण्याआधी
हडकर नेहमी एकदा जास्त ऐकायचा.

मी पुन्हा किल्ली फिरवली.